एक मीटर वीस

बोटीवरच्या जुन्या यंत्राच्या पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा, अंगठ्याएवढा, बाकीच्या पडद्यापेक्षा जास्त चकचकीत होता. पाण्याची खोली तिथे उमटते. पडद्यावर मीठ साचलं की वडील आधी तेवढंच पुसत. बाकीचं नंतर बघितलं तरी चालतं, असं त्यांचं मत होतं.

यंत्र काउंटरवर उताणं पडलं होतं. शेजारी दोन नवी यंत्रं मांडलेली, एक सात इंची, एक नऊ इंची. दोन्ही समुद्राचा नकाशाही दाखवत आणि बोटीखालचे मासेही. सहा महिने वडील या दोहोंत घोळत होते. त्यांची लेक त्यांच्याबरोबर दुकानात येण्याची ही चौथी खेप.

"नऊवर मासा मोठा दिसतो, काका," दुकानदार म्हणाला.

"गळाला लागतो तो तेवढाच ना?"

"तेवढाच. पण सुटला तर दुःख मोठं होतं."

लेक हसली. वडील माहितीपत्रक नाकाजवळ धरून वाचत होते. "'खोलीत कधीही चूक होणार नाही,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "म्हणजे एक-वीस."

दुकानदाराने लेकीकडे पाहिलं.

"आमच्या घरात थापेला एक-वीस म्हणतात," ती म्हणाली.

"माझ्या मुलाची देणगी," वडील म्हणाले. "भर दुपारी, लख्ख उजेडात, बोट खडकावर घातली त्याने. त्याची आई केबिनच्या दारावर आपटली, अजून पाय ओढत चालते. आणि हा म्हणतो, पडद्यावर एक मीटर वीस होतं. तळाखाली एवढं पाणी असताना बोट घासते होय? डोळे मोबाइलमध्ये होते, दुसरं काय! किल्ल्या काढून घेतल्या मी."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. किल्ल्यांपाठोपाठ भावाने घरही सोडलं, हे वडिलांनी सांगितलं नाही. आई त्याच्याशी रोज फोनवर बोलायची, आतल्या खोलीत, दार लोटून. त्याला बोलावू या का, असं तिने विचारलं की वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. बघू.

दुकानदाराने जुन्या यंत्राला वायर जोडली. पडदा उजळला.

"तुमच्या मासे मिळायच्या जागा नव्यात उतरवून देतो. सेटिंगही हीच ठेवू?"

"हीच. मी स्वतः बसवलंय ते. मेकॅनिकचा हात लागलेला नाही. त्या पराक्रमाच्या आदल्याच रविवारी बसवलं होतं, नवं कोरं."

दुकानदार एकेक पान उलटत गेला. एका पानावर थांबला.

"सेन्सर कुठे बसवलाय, काका?"

"उजव्या कुशीला."

"आणि बोटीचा तळ त्याच्या किती खाली?"

"साठ सेंटिमीटर. टेप लावून मोजलंय."

"मग हे अधिक कसं?" त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे उणे साठ हवं. सेन्सरखाली जेवढं पाणी आहे, त्यातून साठ वजा केले की तळाखालचं पाणी मिळतं. हे बिचारं साठ मिळवत बसलंय."

"यंत्राने अंतर विचारलं. मी दिलं."

"चिन्ह राहिलं." दुकानदार हसला. "होतं असं, बऱ्याच जणांचं होतं. पण इतक्या वर्षांत तुमची बोट कुठे घासली कशी नाही?"

"मी तीन मीटरच्या आत कधी जातच ना..." वडील वाक्याच्या मध्येच थांबले.

लेकीने मनातल्या मनात हिशेब केला. साठ वजा व्हायचे, ते मिळवले गेले. उत्तर इतकं नेमकं आलं की तिने तो पुन्हा करून पाहिला. तळाखाली शून्य पाणी असताना, म्हणजे तळ खडकाला टेकलेला असताना, हा पडदा काय दाखवेल? गेल्याच आठवड्यात तिची मुलगी गृहपाठ झाला म्हणाली, तेव्हा तिने हसत हसत थापेसाठीचा घरातला तोच शब्द वापरला होता.

"फरक किती?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, आधी बसा बघू."

"किती, ते सांग."

"एक मीटर वीस."

ते बसले नाहीत. त्यांचा अंगठा आपोआप पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे गेला आणि पुसू लागला. तिथे मीठ नव्हतं. ते पुसतच राहिले.

काय झालं ते दुकानदाराला कळेना. थोडा वेळ तो वायरशी चाळा करत राहिला, मग अवघडून म्हणाला, "मग काका, सात की नऊ?"

"ते तो ठरवेल," वडील म्हणाले आणि लेकीपुढे हात पसरला. "फोन लाव."

कोणाला, हे तिने विचारलं नाही. दोनदा रिंग वाजली.

"हां ताई, बोल," भावाचा आवाज आला. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. "आई बरी आहे ना?"

तिने फोन वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला दाबून धरला.

"मी आहे," ते म्हणाले.

पलीकडची भांडी थांबली.

"पडद्यावर एक-वीसच होतं. घरी ये."