भंवरीबाईंचं दार

नवापूरचा अजित मॉर्मन पंथाचा प्रचारक म्हणून इंग्लंडात गेला. जोडीला अमेरिकन टायलर. आठवडाभर दोघांच्या तोंडावर दारं आपटत राहिली. शनिवारी मात्र अजितने गावाचं नाव सांगताच भंवरीबाई जैन दारातच थबकल्या.

"तू आपला नवापूरना शे? मंग भाईर का उभा? मझार ये!"

त्यांनी दोघांना पोटभर जेवू घातलं, अजितचं सगळं बोलणं मान डोलावत ऐकलं. कुणीतरी ऐकतंय, या आनंदाने अजितचे डोळे भरून आले. मग भंवरीबाई टायलरकडे वळल्या आणि मोडक्या इंग्रजीत संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या.

सोमवारी अजितने घरी फोन लावला, तर आईने विचारलं, "ह्या आठवड्यात कुणी धरम बदलला का रे?"

अजित म्हणाला,

"पुरता नाही अजून. पण टायलरने कांदा-बटाटा सोडलाय."