खिशातलं प्रवचन

पहिलं ‘आमेन’ खिडकीपाशी उमटलं, दुसरं बऱ्याच वेळानं दाराशी. मिशननं दिलेलं कानातलं यंत्र मंडळीतल्या प्रत्येकाला त्याच्या दुःखापुरतं वेगळं प्रवचन ऐकवत होतं. पाळक एलियाझर शिरसाठांकडे चर्च उघडणं आणि यंत्रं वाटणं एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात सगुणाबाईंनी यंत्र काढलं आणि थेट त्यांच्याकडे पाहिलं. सहा वर्षं खिशात बाळगलेलं प्रवचन शिरसाठांनी उलगडलं आणि हळू आवाजात शेवटपर्यंत वाचलं. बाई मान डोलावत राहिल्या.

उपासना संपल्यावर त्या जवळ आल्या.

“सलाम, पाळकसाहेब. मशीन बंद पडलंय. त्याच्याशिवाय मला काहीच ऐकू येत नाही. मघाशी तुम्ही काही म्हणत होता का?”

शिरसाठांनी नकारार्थी मान हलवली आणि यंत्रासाठी हात पुढे केला.