तहानेवरचा उपाय

"आबा, पाणी प्या म्हटलं ना! प्यायचा भोंगा कधीचा वाजून गेला." शोभाने तिसऱ्यांदा पेला सासऱ्यांच्या हातात दिला.

"तहान नाही गं," आबा म्हणाले.

"तहान गावात कुणालाच नाही! मागच्या महिन्यात सलाईन लावावं लागलं, विसरलात?" मग ती दारात उभ्या असलेल्या पाणी-सल्लागार शेवड्यांवर घसरली. "बघा साहेब, हा तुमचा उपाय. धरण नको, टँकर नको, तहान मारायची लस टोचू म्हणालात. आता दिवसभर पेला घेऊन यांच्यामागे फिरते मी. रानात कधी जाऊ?"

"पण ताई, टंचाई संपली ना," शेवडे समजावू लागले. "पिण्याच्या पाण्याची मागणीच निम्म्यावर आली." बोलता बोलता त्यांचा घसा सुकला. भर उन्हात फाट्यापासून ते चालत आले होते. आल्या पाहुण्याला पाणी विचारायची रीत गावातून कधीच गेली होती. शेवटी तेच चाचरत म्हणाले, "घोटभर पाणी मिळेल?"

"आत्ता? भोंगा तर..." शोभा थबकली. "म्हणजे तुम्ही स्वतः लस घेतलीच नाही!"

तिने भरलेला तांब्या शेवड्यांपुढे आदळला. त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. पाणी शर्टावर ओघळलं तरी ते थांबले नाहीत.

आबा आपला भरला पेला तसाच धरून, खाटेवरून पुढे वाकून बघत होते.

"साहेब," त्यांनी विचारलं, "कसं लागतंय, सांगा की जरा."