मागून आलेलं उत्तर

चहावरची साय कडेला जाड आणि मध्ये पातळ धरली होती. अभ्यासिकेखालच्या टपरीवर दोघी चालू घडामोडींची उजळणी करत होत्या.

"मृणालताई, राज्याचे मुख्य सचिव कोण?" धाकट्या हेमांगीनं विचारलं.

मृणालनं क्षणात नाव सांगितलं.

"ताई, ते कधीच निवृत्त झाले! तू अजून मागच्याच परीक्षेत आहेस की!"

दोघी हसल्या. पुढच्या प्रश्नालाही मृणालच्या तोंडात जुनंच नाव आलं. नवं तिनं सकाळीच वाचलं होतं, पण ते मागून आलं. इतक्या परीक्षांची बरोबर उत्तरं आता पुसायची कशी, तिला कळेना.

"चल ताई, उद्या अर्जाची शेवटची तारीख. तुझाही भरते."

प्रत्येक निकालानंतर गिळलेलं वाक्य मृणाल हळूच बोलली, "माझा नको. मी आता परीक्षा देणार नाही."