काऊनं नेली

अडीच वर्षांची शिवन्या घास घेईना, तिला सारखी दुधाची बाटलीच लागायची. शेवटी मोनिकानं बाटली बाजरीच्या पिठाच्या डब्यात दडवली आणि लेकीला सांगितलं, "बाटली काऊनं नेली."

पोरगी रडली नाही. भाकरीलाही शिवली नाही. तरी दिवसभर टुणटुणीत.

चौथ्या दिवशी मोनिकाचा मोबाईल सापडेना. शिवन्या शांतपणे म्हणाली, "काऊनं नेला."

सासऱ्यांनी आपल्या फोनवरून रिंग दिली. ती पिठाच्या डब्यातून वाजली. मोनिकानं झाकण काढलं. मोबाईलशेजारी बाटली होती, निम्मी भरलेली, अजून कोमट.

"मामा, हिच्यात दूध कुणी भरलं?"

आजोबा आणि नात एकदमच म्हणाले, "काऊनं."