नुसता वास

"हौसा, पिऊ नकोस. नुसता वास घे."

हौसाबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ पदराखाली सारली. "तीस वर्षांत तुमच्या या तळघराची पायरी उतरले नव्हते मी," म्हणत त्यांनी नवऱ्याच्या हातातला ग्लास घेतला.

गेल्या वर्षीच्या तापात निवृत्तीरावांचं नाक गेलं ते गेलंच. नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची, शॅम्पेनसारखी फेसाळणारी त्यांची वाईन मात्र चार वर्षं इथे आडवी पडून होती. पिकली असेल तर आता बाटल्यांतला गाळ काढायचा, नाहीतर अजून वर्षभर थांबायचं. घाई झाली तर अख्खा हंगाम कच्चा राहणार. मोठ्या कंपन्यांकडे यंत्रं असतील, अर्ध्या एकराच्या मालकाकडे नाकच असतं. पिकल्यावर भाजल्या पिठाचा वास येतो आणि त्याच्या जोडीला लिंबाचा ताजा वासही टिकून असावा लागतो, हे त्यांनी बायकोला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

हौसाबाईंनी डोळे मिटून ग्लास हुंगला.

"लग्नानंतर मी या घरात पहिली भाकरी केली, आठवते?"

"करपली होती."

"ती नाही हो. दुसऱ्या दिवशी केलेली. टम्म फुगलेली. तव्यावरून काढल्या काढल्या तिचा आला होता तसा वास आहे."

निवृत्तीरावांनी ग्लास परत घेतला. सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला. कळलं काहीच नाही, तरी तो तसाच धरून ते उभे राहिले.

"त्या दिवशी ताटात लिंबाची फोडही होती," ते हळूच म्हणाले.

हौसाबाईंनी त्यांच्या हातातला ग्लास घेऊन पुन्हा हुंगला.

"आहे," त्या म्हणाल्या. "काढा गाळ."