झोपू द्यायचं नाही

"उजव्याच हातानं," अंगदनं निघताना पुन्हा बजावलं. "डाव्यानं हलवलं की बाण तिरका जातो. साहेबाला पुण्यात बराबर कळतं."

नंदाबाईंनी मान हलवली. कॉटला लावलेल्या टेबलावर लॅपटॉप होता आणि माऊसवर त्यांचा उजवा हात, अंगदनंच उचलून ठेवलेला. पोळ्याला त्यांना लकवा झाला तेव्हापासून तो हात लुळा होता. डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू कॉटखाली गेला तो तिथंच राहिला. कशाला दाबायचा? हाताचं त्यांना आता वाईटही वाटत नव्हतं. कशाचंच काही वाटत नव्हतं.

पोराच्या नोकरीचं तेवढं वाटे. आईसाठी तो पुणं सोडून गावी आला, घरूनच काम करू लागला. दिवाळी झाली आणि कंपनीनं म्हणे नवीनच खूळ काढलं. लॅपटॉप झोपला की माणूस कामावर नाही असं धरायचं. अंगदला तर दुपारी ऊसतोडीकडं जावं लागे. मग हे काम आईकडं आलं.

"आधी अंधूक होतो, मंग काळा," त्यानं समजावलं होतं. "पण झोपला म्हंजे बंद पडला असं न्हाई, माय. आतलं सगळं जागच्या जागी असतंय. नुसता हात लागला की उठतो. तू फक्त हलवत राह्य. न्हाईतर माझी नोकरी गेली."

सुरुवातीला त्या खांद्यानंच हात ढकलायच्या आणि माऊस टेबलावरून खाली लोंबायचा. हल्ली लोंबत नसे.

शेजारची दैवशाला ताक द्यायला आली की चिडायची. "मावशी, आजारी माणसाला कुणी कामाला लावतंय का? अन् तो तिकडं जीपच्या अड्ड्यावर उभा राहून राह्यलाय. मी बघितलं ना!"

"असू दे बाई. पाय मोकळे करीत असंल."

संध्याकाळी अंगदच्या शर्टाला डिझेलचा वास येई. तोडीवर ट्रॅक्टर असतात, त्यामुळं नंदाबाई काही विचारत नसत.

त्या दिवशी लाईट सकाळीच गेली. जेवण झालं आणि नंदाबाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडदा काळा होता. त्यांनी माऊस हलवला. जोरात हलवला. काळाच.

कित्येक महिन्यांनी त्यांच्या छातीत धडधडलं. भीती वाटली, चांगला घाम फुटेपर्यंत. रेंज तिथंच येते म्हणून अंगद त्यांचा फोन टेबलामागच्या खिडकीत ठेवून जात असे. डाव्या हातानं टेबल गच्च धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्याचा नंबर लावला.

पलीकडं अंगद कुणाला तरी ओरडून सांगत होता, "चला घनसावंगी, घनसावंगी! दोनच सीट!" मग म्हणाला, "हां, बोल माय."

"झोपला रे तो. माझाच डोळा लागल्ता. आता किती हलवलं तरी उठंना. साहेबाला म्हणावं, म्हातारीची चूक झाली, पोराचं काही न्हाई." त्यांना रडू फुटलं. "गेली रे तुझी नोकरी माझ्यापायी."

पलीकडं जीपचं इंजिन बंद झालं.

"नोकरी दिवाळीतच गेल्ती, माय," अंगद म्हणाला. "ते जाऊ दे. खिडकीशी उभी हायेस ना, टेबल धरून? मंग फोन कोणत्या हातानं लावला तू?"